कोण कोण जेवणार: सदर बझारातल्या मेसच्या प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२५, मंगळवार

माझ्या कॉलेज प्रकल्पाचा विषय मंजूर झाला. कागदावरचं नाव 'सामायिक विद्यार्थी निवासासाठी स्थानाधारित चेक-इन प्रणाली'. मार्गदर्शक मॅडमनी एक अट घातलीय: कोड किती लिहिला ते नको, काय ठरवलं आणि का ठरवलं ते तारखेनिशी लिहायचं.

निवास म्हणजे आमचंच. साताऱ्याच्या सदर बझारात जुनी तीन मजली सोसायटी आहे, लिफ्ट नाही. त्यातल्या तीन फ्लॅटचे मालक पुण्या-मुंबईला, म्हणून ते विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलेत. दोन पोरांचे, एक पोरींचा. कोणी सायन्स कॉलेजचं, कोणी शिवाजी कॉलेजचं, कोणी डी. जी.चं. ही तिन्ही कॉलेजं आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात एकत्र आहेत, त्यामुळे घरात भांडणं झाली तरी विद्यापीठ एकच. नावानं कोणी कोणाला हाक मारत नाही. दहिवडीवाला, मेढेकर, कोरेगावची, फलटणची, असंच चालतं.

स्वयंपाकघर एकच, तळमजल्यावर. मेसचा मालक कोणी नाही. चपात्यांना काकू येतात, भाजी-आमटी पाळीनं आम्ही करतो. महिनाअखेर एकूण खर्च भागिले एकूण ताटं, तो ताटाचा भाव. जेवायचं नसेल त्यानं आदल्या रात्री नऊच्या आत फ्रिजशेजारच्या वहीत खाडा टाकायचा. खाडा नाही म्हणजे ताट धरलं, मग जेवा नाहीतर जेवू नका.

वहीची अडचण एवढीच की रात्री नऊला माणूस वहीपाशी नसतो. अभ्यासिकेत असतो, क्लासला असतो, नाहीतर एसटीत उभा असतो. मग ग्रुपवर 'माझा खाडा टाका रे' असा मेसेज पडतो, त्यावर धडाधड मीम पडतात आणि खाडा खाली बुडतो. सकाळी चपात्या उरतात आणि त्याच्या नावावर ताट चढतं. त्यानंतरचा वाद ऐकायला वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येतात.

३ जुलै

आधी झालेलं काम वाचून काढलं. चेक-इन, म्हणजे 'मी इथं आहे' असं आपणहून कळवणं, ही कल्पना स्मार्टफोनच्या आधीची आहे. २००० साली न्यूयॉर्कमध्ये डेनिस क्राउली आणि ॲलेक्स रेनर्ट यांनी 'डॉजबॉल' काढलं. जिथं बसलात त्या जागेचं नाव एसएमएसनं पाठवायचं, ते तुमच्या दोस्तांना कळायचं. २००५ मध्ये गूगलनं ते घेतलं आणि २००९ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये क्राउलीनं नवीन सेल्वादुराई यांच्याबरोबर अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या 'साउथ बाय साउथवेस्ट' मेळ्यात 'फोरस्क्वेअर' आणलं. बिल्ले, गुण, आणि एखाद्या जागी सगळ्यात जास्त दिवस चेक-इन करणारा तिथला 'मेयर'. ऑस्टिनचंच 'गोवाला' स्पर्धेत होतं. ते २०११ च्या शेवटी फेसबुककडे गेलं आणि २०१२ मध्ये मिटलं. फेसबुकनं स्वतःचं 'प्लेसेस' ऑगस्ट २०१० मध्येच आणलेलं. २०१४ मध्ये फोरस्क्वेअरनं चेक-इनचा भाग 'स्वॉर्म' म्हणून वेगळा काढला. तो अजून चालू आहे, मूळ सिटी गाइड ॲप मात्र डिसेंबर २०२४ मध्ये गेलं.

मेयर प्रकार सातारकराला पटणारा नाही. पोवई नाक्यावरच्या चहाच्या गाड्याचं नगराध्यक्षपद मिळालं म्हणून चहा काही फुकट मिळत नाही.

माझ्या कामाची गोष्ट दुसरीच निघाली. 'गूगल लॅटिट्यूड' फेब्रुवारी २००९ मध्ये आलं, ऑगस्ट २०१३ मध्ये बंद झालं. त्यात फोन आपसूक जागा सांगत राहायचा. फोरस्क्वेअरमध्ये माणूस बटण दाबायचा तेव्हाच. दोन्हींत नकाशावर ठिपकाच दिसतो, पण पहिल्यात तो ठिपका फोनचा असतो आणि दुसऱ्यात माणसाचा. दाबायचं नसेल तर माणूस दाबत नाही. आपलं काम या दुसऱ्या जातीचं ठेवायचं, हे आजच लिहून ठेवतो. पुढे कोणीतरी पहिल्या जातीचं मागणार हे उघड आहे.

आणि एक. एवढ्या लोकांनी एवढी वर्षं बटणं दाबली त्याचं झालं काय? नोव्हेंबर २०२४ मध्ये फोरस्क्वेअरनं जगभरातल्या दहा कोटींहून जास्त जागांची यादी खुल्या परवान्यानं देऊन टाकली. बिल्ले लोकांनी मिळवले, जागांची वही कंपनीची झाली. खुली केली हे चांगलंच, पण मधली पंधरा वर्षं धंदा त्याच वहीवर चालला.

६ जुलै, आषाढी एकादशी

सगळ्यांचा उपवास. म्हणजे सगळे जेवणार आहेत आणि कोणीच जेवणार नाही. वहीत 'हो' आणि 'खाडा' एवढेच दोन रकाने आहेत, त्यामुळे कोणी हो लिहिलं, कोणी खाडा. साबुदाणा अंदाजानं भिजवला, अर्ध्यांना भगर खावी लागली. तिसरा पर्याय हवा: उपवास.

११ जुलै

स्थानाचा भाग सुरू केला. ब्राउझरमधूनच करायचं ठरवलं, म्हणजे कोणाला काही उतरवून घ्यायला नको. फोन अक्षांश, रेखांश आणि 'अचूकता' असे तीन आकडे देतो. तिसऱ्याकडे कोणी बघत नाही, पण खरा आकडा तोच. अचूकता ३५ मीटर म्हणजे माणूस त्या बिंदूभोवतीच्या ३५ मीटरच्या वर्तुळात असण्याची शक्यता ९५ टक्के. कुठं, ते फोनलाही माहीत नसतं.

हिशोब असा. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर. सातारा साधारण १७.६८ अंशावर, त्यामुळे इथं रेखांशाचा एक अंश १०६ किलोमीटरच्या आसपास. दशांशानंतर चार अंक घेतले तर शेवटचा अंक १०-११ मीटरचा. आमची इमारत रुंदीला त्याहून फार मोठी नाही. म्हणजे चौथा अंक एकानं हलला की पोरगा स्वयंपाकघरातून शेजारच्या बंगल्यात.

झालंही तसंच. गच्चीत उभं राहिलं की अचूकता पाच-सात मीटर. तळमजल्यावर, गॅसपाशी, तोच फोन पन्नासच्या पुढे. पोरं म्हणाली पाऊस आहे म्हणून. पावसाचा जीपीएसवर जाणवण्याइतका परिणाम होत नाही. वरचे स्लॅब आणि जुन्या बांधकामाच्या जाड भिंती आडव्या येतात. आत आल्यावर फोन उपग्रह सोडून आसपासच्या वायफायवरून अंदाज बांधतो, आणि समोरच्या क्लासचं वायफाय आमच्यापेक्षा तगडं आहे. मेढेकर हातात लाटणं घेऊन उभा होता आणि नकाशावर तो समोरच्या क्लासमध्ये शिकत होता. त्याच्या घरच्यांना आनंद झाला असता.

बेत असा होता की घराभोवती वर्तुळ आखायचं आणि फोन त्याच्या आत असला तरच हजेरी. वर्तुळ लहान ठेवलं तर घरातला माणूस बाहेर पडतो. मोठं केलं तर चहाची टपरी, क्लास, झेरॉक्सवाला सगळे आमच्या घरात येतात. आणि मजले तर ओळखताच येत नाहीत. उंचीचा आकडा त्याहून लबाड.

१४ जुलै

वर्तुळाला पर्याय म्हणून स्वयंपाकघराच्या दारावर क्यूआर चिकटवला. हे तंत्र १९९४ चं, जपानच्या डेन्सो वेव्हनं मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढलेलं. स्कॅन केला की हजेरी. दहिवडीवाल्यानं पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवला आणि संध्याकाळी क्लासमधल्या बाकावरून हजेरी लावली. वर मलाच विचारतो, "लागली का बघ की."

दर मिनिटाला बदलणारा क्यूआर करता येईल. त्याला भिंतीवर स्क्रीन लागेल. करायला मजा येईल हे कबूल. पण वहीसमोर उभा राहून विचार केला, की दहिवडीवाल्यानं खोटी हजेरी लावून मिळवलं काय? ताट त्याच्या नावावर चढलं. जेवला नाही तरी पैसे तोच देणार. या मेसमध्ये 'जेवणार' असं खोटं सांगण्यात तोटाच आहे, आणि खाडा टाकून गुपचूप जेवायला बसणाऱ्याला बाकीचे समोरासमोर बघत असतात. आपल्याला पुरावा कशाला हवाय? वेळेत कळलं पाहिजे, बास.

१८ जुलै

मॅडमना भेटलो. 'स्थान काढून टाकलं तर ॲप जास्त चांगलं होतंय' असं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शीर्षकात स्थानाधारित आहे. स्थान का नको, हे स्थान वापरून सिद्ध करा. कुठे उपयोगी पडतं तेही शोधा. नुसतं नको म्हणणं सोपं असतं."

बरोबर आहे. घरात विचारत फिरलो. स्थान हवंय ते एकाच प्रसंगी: रात्री उशिरा एसटीनं येताना. फलटणची रविवारी घरून परत येते, पावसात गाडी लांबते, मागं कोणीतरी ताट झाकून जागं बसलेलं असतं. त्यासाठी ती व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन टाकते. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास, वेळ संपली की आपोआप बंद. कोणाला दाखवायचं ते तिनं ठरवायचं. हे २०१७ पासून सगळ्यांच्या फोनमध्ये आहे आणि माझ्यापेक्षा चांगलं केलेलं आहे. परत कशाला बनवू? अहवालात तसं लिहीन.

२२ जुलै

विद्यापीठांजवळच्या सहकारी वसतिगृहांचं वाचतोय. अमेरिकेत बर्कलीला १९३३ मध्ये, मंदीच्या दिवसांत, विद्यार्थ्यांनी एकत्र घर चालवायला घेतलं. आज त्या संस्थेची हजारावर पोरं-पोरी वेगवेगळ्या घरांत राहतात. खोलीभाडं कमी, कारण प्रत्येकानं आठवड्याला पाच तास काम करायचं: स्वयंपाक, भांडी, झाडलोट, दुरुस्ती. ताटाबरोबर कामाचेही तास वहीत लिहिले जातात. घराची खरी नाडी तीच, हे वाचताक्षणी पटलं.

पण यासाठी बर्कलीपर्यंत जायची गरज नव्हती. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊरावांनी काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि बोर्डिंग सुरू झालं. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव दिलं. धनिणीच्या बागेतलं बोर्डिंग म्हणजे तेच. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसायची, स्वयंपाक, दळण, झाडलोट स्वतः करायची. त्या काळी एका पंगतीला बसणं ही लहान गोष्ट नव्हती. पैसे संपले तेव्हा पोरांच्या धान्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं. हे इथल्या प्रत्येक पोराला शाळेपासून पाठ आहे, इतकं पाठ की त्याचा अर्थ कोणी लावत बसत नाही. मेसमध्ये भांडी घासायची पाळी आली की मात्र 'स्वावलंबी शिक्षण' हे संस्थेच्या ब्रीदातले शब्द घशात अडकतात.

ठरलं. ताटांबरोबर पाळ्याही ॲपमध्ये. मंडई, चिरणं, फोडणी, भांडी, ओटा, सिलिंडर. भांडी आणि ओटा वेगळे ठेवायचे. 'भांडी घासली' म्हणणारा ओटा तसाच ठेवून जातो हा जुना अनुभव.

२८ जुलै

पाळ्या सुरू झाल्या. फोरस्क्वेअरच्या धर्तीवर बिल्ले दिले: 'कढईवीर', 'ओटासम्राट', 'मंडईचा राजा'. सुरुवातीला हाणामारी झाली. मेढेकर स्वतःची पाळी नसताना कढई घासायला उभा. आठवडा सरेपर्यंत कढईवीर पदाला कोणी विचारेना. जो आधीही घासत होता तो घासतोय, जो टाळत होता तो टाळतोय.

त्यापेक्षा कोरेगावचीनं सुचवलेलं चाललं. बिल्ल्याच्या जागी उरलेल्या पाळ्यांची यादी, नुसती, रंग नाही, चित्र नाही. ज्याच्या पाळ्या शिल्लक त्याचं नाव वर. नाव वरून खाली आणायला पोरं काम करतात. बिल्ले काढून टाकले.

३ ऑगस्ट, रविवार

जे येणार होतं ते आलं. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी खाली बोलावलं. पोरं काहीतरी चेक-इनचं बनवतायत हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

"चांगलं काम करताय. मला एवढंच द्या, रात्री दहाच्या पुढं कोण आत आलं, कोण बाहेर गेलं. महिन्याला एक कागद."

"काका, ते जेवणाचं आहे. कोण जेवणार ते कळतं, कोण कुठं ते नाही."

"मग त्यात एक बटण वाढवा की. कॉम्प्युटरच आहे."

काका वाईट नाहीत. पाण्याचा टँकर आला तर पहिली बादली भाडेकरूंना भरू देतात. त्यांच्या डोक्यावर कमिटी आहे, कमिटीच्या डोक्यात विद्यार्थी भाडेकरू म्हणजे आवाज आणि रात्रीचं येणं-जाणं. आमच्या मालकांकडून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं शुल्क, घेते. त्याला शासनानं २००१ पासून सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तेवढेच घेते. करार झालेत, पोलीस व्हेरिफिकेशन झालंय. कागदात कुठं खोट नाही. मग हा वेगळा कागद कशाला?

संध्याकाळी घरात बैठक. पोरींच्या फ्लॅटमधून सगळ्यात आधी आवाज आला. फलटणची म्हणाली, "आईला मी रोज सांगते कुठं आहे. ते माझं आणि आईचं. काकांना सांगायचं मी काय देणं लागते?" दहिवडीवाला म्हणाला, देऊन टाका, आपण कुठं चोऱ्या करतोय. त्यावर तिनं विचारलं, "दहानंतर आलेल्यांची यादी जिन्यात लागली तर तुझं नाव वाचून कोण काय बोलेल? आणि माझं वाचून?" तो गप्प बसला. विषय तिथंच निम्मा संपला.

उरलेला निम्मा मी वाचलेल्यातून मांडला. फेब्रुवारी २०१० मध्ये हॉलंडच्या काही पोरांनी 'प्लीज रॉब मी' नावाचं पान काढलं होतं. लोकांनी स्वतःच उघड्यावर टाकलेले फोरस्क्वेअरचे चेक-इन तिथं ओळीनं दिसायचे: हा माणूस आत्ता घरी नाही. चोरी करणं हा हेतू नव्हता, लोकांना दाखवून देणं हा होता. आमच्या खाड्यांची यादी म्हणजे तेच आहे. गणपतीत कोणता फ्लॅट किती दिवस रिकामा, हे तीत स्पष्ट लिहिलेलं असणार. फ्रिजशेजारी वही होती तोवर ती दाराच्या आत होती. फोनवर आली की कुठल्याही ग्रुपवर जाऊ शकते.

शिवाय एक बारावीचा पोरगा आमच्यात आहे, सतरा वर्षांचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते आणि त्यांच्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. नियमांचा मसुदा जानेवारीत आला होता. पण कायद्याचा रोख कुठं आहे ते वाचून कळतं.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

निम्मं घर गावी. उरलेल्यांनी मिळून काकांना पत्र लिहिलं, सभ्य भाषेत, एका पानात. गेटवर वही ठेवणार असाल तर आम्ही सही करू, पण ती सगळ्यांसाठी असावी, सभासदांसाठीही. मेसची नोंद मेसबाहेर जाणार नाही.

पत्र लिहिताना एक गंमत लक्षात आली. सोसायटी सहकारी, १९६० च्या कायद्याखाली नोंदलेली, 'एक सभासद एक मत' तिथं नियमानं. पण सभासद म्हणजे फ्लॅटचा मालक, आणि आमचे मालक सभेला येत नाहीत. आम्ही राहतो, जिना झाडतो, टाकीवर लक्ष ठेवतो, मत नाही. उलट आमच्या मेसची कुठं नोंदणी नाही, तरी मिठाचा ब्रँडसुद्धा हात वर करून ठरतो. सहकार कागदावर वरच्या मजल्यावर आहे, चालतोय तळमजल्यावर.

१६ ऑगस्ट

डेटाबेसमधून अक्षांश-रेखांशाचे रकाने काढले. चाचणीत गोळा झालेले आकडे पुसले. आता एका नोंदीत एवढंच: कोण, कोणत्या वेळचं ताट, आणि चारपैकी एक पर्याय. जेवणार, खाडा, उपवास, डबा ठेवा. रात्री नऊनंतर बदल बंद. महिन्याचं बिल सगळ्यांनी मान्य केलं की रोजच्या नोंदी जातात, फक्त बेरजा राहतात. कोणाचा खाडा कोणत्या तारखेला होता हे पुढच्या महिन्यात मलाही दिसणार नाही.

मग काकूंना दाखवायला गेलो. त्या परातीत कणीक मळत होत्या, हात कोपरापर्यंत पिठात. फोन पुढे धरला. त्यांनी मानही वळवली नाही.

"मला तुमचं ॲप-बिप नको बाबा. आकडा सांग."

"आठ जण, काकू."

"जण नको. चपात्या किती?"

हे मला सुचलंच नसतं. ताट हा हिशोबाचा आकडा, काकूंचा आकडा चपातीचा. मेढेकर पाच खातो, आणि भाजी वांग्याची असली तर सहा. फलटणची दोन. बारावीचा पोरगा परीक्षा असली की एक, संपली की सात. काकूंना हे सगळं तोंडपाठ आहे. त्या नावं विचारतात आणि मनात बेरीज करून कणीक घेतात. आता ॲप प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या चपात्या धरून बेरीज करतं. ज्याची पाळी असेल त्यानं सकाळी तो आकडा तव्याशेजारच्या पाटीवर खडूनं लिहायचा. पहिल्या दिवशी पाटीवर ३१ लिहिलं. काकूंनी नावं विचारली, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "तेहतीस कर. कोरेगावची आजारातनं उठलीय, तिला भूक लागंल." दोन्ही चपात्या संपल्या.

चपात्यांचा आकडा पाळीवाल्याला हातानं बदलता येईल अशी सोय केली.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

खाड्यांचा पूर. काही जण गौरी होईपर्यंत येत नाहीत, काही थेट अनंत चतुर्दशीनंतर. लांब सुट्टीला रोज बटण दाबायला लागू नये म्हणून 'पासून-पर्यंत' दिलंय, ते सगळ्यांना सापडलं. यादी फक्त पाळीवाल्याला दिसते. काकूंना गौरीचे दिवस सुट्टी. राहिलेले खिचडीवर.

१० सप्टेंबर

मेसचा महिना दहा ते नऊ. बिल काढलं आणि भांडण पेटलं. ॲपनं बेरीज बरोबर केली, म्हणूनच पेटलं. वहीच्या काळात चार-दोन खाडे इकडं-तिकडं होऊन हे झाकलं जायचं.

गोल आकड्यांत मांडतो. समजा बारा जण आहेत. गॅस, काकूंचा पगार, तेल-मीठ असा ठरलेला खर्च ९,०००. भाजी-धान्य ताटामागे ३५. नेहमीच्या महिन्यात ६०० ताटं, एकूण ३०,०००, ताट पन्नासला. गणपतीच्या महिन्यात ताटं ३०० वर आली, तरी ९,००० तसेच. एकूण १९,५००, ताट पासष्टला. सहा जण राहिले, चाळीस-चाळीस ताटं जेवले, त्यांना २,६००. सहा जण गावी गेले, दहा-दहा ताटं, त्यांना ६५०. म्हणजे जे गावी गेले त्यांच्या वाट्याचा काकूंचा पगार राहिलेल्यांनी भरला.

ठरलेला खर्च सारखा वाटला तर डोई ७५०, वर ताटाचे ३५. राहिलेल्यांना २,१५०, गेलेल्यांना १,१००. न्याय झाला म्हणावं तर दहिवडीवाला उसळला: दहा ताटांना अकराशे, म्हणजे ताट एकशे दहाला, पोवई नाक्यावर याहून स्वस्त थाळी मिळते. त्याचंही चुकीचं नाही.

बराच वेळ कोणी ऐकेना. काकूंचे दिवस कापा असंही एकानं सुचवलं, तेव्हा मात्र सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडले. आमच्या सुट्टीचा खाडा काकूंच्या पगारात पडणार नाही, हे आता लिहूनच ठेवलंय. बाकी मत घेतलं, प्रत्येकाला एक. ठरलं असं: ठरलेला खर्च सारखा वाटायचा, पण आठवड्याहून लांब सुट्टी आठ दिवस आधी कळवली तर त्या काळाचा निम्मा माफ. माफीचा भार सगळ्यांवर. सूत्र बदलायला अर्धा तास लागला, ठरवायला रात्रीचे बारा वाजले.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

आज कर्मवीर जयंतीही. कॉलेजच्या मिरवणुकीत सकाळ गेली.

दुपारी मॅडमना आढावा दिला. शीर्षकातला 'स्थानाधारित' शब्द राहणार, कारण विषय विद्यापीठात त्या नावानं नोंदलाय. त्याखाली माझं पहिलं प्रकरण स्थान का काढलं यावर आहे: अचूकतेचे आकडे, क्यूआरचा प्रयोग, पुराव्याची गरज नसलेला व्यवहार, कमिटीची मागणी. त्यांनी विचारलं, "हेच ॲप मुलांच्या सरकारी वसतिगृहाला दिलं तर चालेल?" नाही चालणार. तिथं मेसचे पैसे पोरगा स्वतः ताटाप्रमाणे देत नाही, त्यामुळे 'जेवणार' असं खोटं सांगण्यात त्याचा तोटा नाही. तिथं पुन्हा पुरावा लागेल, मग पुन्हा वर्तुळ आणि क्यूआर. मॅडम म्हणाल्या हे लिहा. लिहितोय.

सेक्रेटरी काकांचं उत्तर आलं, तोंडी. गेटवर वही येणार, पण कमिटीतल्या दोघांना सभासदांनी सही करणं अपमानास्पद वाटतं, म्हणून विषय पुढच्या सभेत. तोवर वही कोरी.

नवरात्राचे उपवास. 'नवरात्र' असं एक बटण करून आत नऊ दिवस भरायचा मोह झाला होता. यंदा तिथीची वृद्धी आहे, नवरात्र दहा दिवसांचं, दसरा २ ऑक्टोबरला. म्हणून उपवासालाही 'पासून-पर्यंत'च दिलं. काही जण फक्त उठता-बसता धरतात, त्यांना पहिला आणि शेवटचा दिवस वेगळा टाकावा लागेल, चालेल.

शिल्लक कामं: बारावीच्या पोराच्या वडिलांची संमती कागदावर घ्यायची. फीस्टला, म्हणजे मेसच्या खास जेवणाला, पाहुण्यांची ताटं धरायची सोय अजून नाही, ती दसऱ्याच्या आत हवी. पाहुण्याच्या चपात्या किती धरायच्या ते काकूंना विचारायचं. दसऱ्याचं श्रीखंड घरी चक्का आणून की विकतचं, यावर मतदान चालू आहे. सध्या चक्का पुढे आहे, पण फेटायची पाळी कोणी घेत नाही.